चौथ्या मजल्याचा आठवडा

माणसावर लिहायचं तर लिहिणाऱ्याला काहीतरी यायला हवं, आणि मला अजून नीट काही येत नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी लिहिलं असेल तर ते फॉर्म भरण्यापुरतं. तेव्हा कुठे चुकलो तर माफ करा. पण काकीवर दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून बसलोय.

"भिजत घातलंस मां?"

काकी हे असं विचारायची. दारातून, जिन्यातून, लिफ्टचं दार बंद होता होता. शेवटचा तो 'मां', म्हणजे आपला 'ना', तिच्या मालवणचा. बाकी सगळी ती दिंडोशीची झाली होती. तुम्ही परीक्षेला निघालेले असा, तापाने फणफणलेले असा, नाहीतर नवीन शर्ट घालून कुणाच्या तरी साखरपुड्याला चाललेले असा, प्रश्न तोच. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी अख्खा मजला मला पेढे भरवत होता. काकी गर्दीतून पुढे आली, माझा गाल ओढला आणि आईला म्हणाली, "हुशार निघाला गो तुझा. उद्याचे मूग भिजत घातलेस?"

आमच्या मजल्यावर आठ घरं. आठही घरांतले सगळे कामाला. बाबा साकीनाक्याला प्रेस मशीनवर, आई अंधेरीच्या एका ऑफिसात हाउसकीपिंगला, ती सहाला घर सोडते. काकी त्या काळात आमच्याकडे नुसती शेजारीण म्हणून यायची. एका रविवारी तिने आईला विचारलं, "बुधवारी काय करतेस?"

"बुधवार यायचाय अजून, काकी."

"म्हणून तर आज विचारतेय. आला की काय विचारायचं? आला की वडापाव."

आईला राग आला होता. कारण खरंच बुधवारी वडापावच व्हायचा. मंगळवारीही.

काकीने सत्तावीस वर्षं बाटल्यांना झाकणं लावणाऱ्या एका कारखान्यात काढली होती. गुडघे गेले म्हणून घरी बसली, पण कारखाना तिच्यातून गेला नव्हता. "शिफ्ट लावल्याशिवाय मशीन चालत नाही, मग गॅस कसा चालेल?" असं म्हणून तिने अख्ख्या मजल्याला शिफ्ट लावल्या. दुकानांतून फुकट मिळणारी, मागची बाजू कोरी असलेली कॅलेंडरं ती जपून ठेवायची. त्यांच्या पाठीवर मार्करने आठवडा आखायचा आणि रविवारी सकाळी लिफ्टशेजारच्या खिळ्याला अडकवायचा. वार, भाजी, आणि कुणाकडे कसली तयारी.

स्वयंपाक ज्याचा त्याने आपल्या घरी करायचा, हा तिचा नियम. फक्त तयारी वाटून घ्यायची. तीन नंबरने आठ घरांची मटकी भिजवून फडक्यात बांधायची, सहा नंबरने सगळ्यांचं खोबरं खवून ठेवायचं, मोठा मिक्सर आठ नंबरकडे म्हणून इडलीचं पीठ तिकडे. "शिजवायला पंधरा मिनिटं लागतात रे. जीव जातो तो आधीच्या तयारीत." माझ्याकडे बुधवारी लसूण होता. आठ घरांचा. गुरुवारी कॉलेजात माझ्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे.

आठ नंबरच्या वहिनी बँकेत. त्यांनी एकदा धीर करून सुचवलं, "काकी, एखाद्या दिवशी ओट्स ठेवू या ना."

"ते कधी भिजत घालायचे?"

"भिजवावे लागत नाहीत ते."

काकीने त्यांच्याकडे फार वाईट वाटून पाहिलं. "मग त्याला अन्न कशाला म्हणायचं?"

कागदावर डाव्या बाजूला ती डब्यांच्या वेळा लिहायची. पहिली शिफ्ट, जनरल, रात्रपाळी. मी कॉलेजला लागलो त्या रविवारी तिथे एक नवी ओळ होती. 'कॉलेज, सव्वासहा.' आमच्या मजल्यावर तो शब्द पहिल्यांदाच लिहिला गेला होता. मी उगाचच दोनदा लिफ्टने खाली-वर केलं.

आता मला ज्यासाठी लिहायचं आहे त्याकडे येतो. मी ते टाळतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल.

मागच्या वर्षी एका गुरुवारी कागदावर 'संकष्टी' असं लिहिलेलं होतं. मजल्याने उपास धरला. साबुदाणा सहा नंबरने भिजवला, दाण्याचं कूट आमच्याकडे. घरात प्रत्येकाच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, पण काकीचा कागद असताना ते बघतो कोण? संध्याकाळी घराघरांत वरणभात, बटाट्याची भाजी आणि मोदक तयार. काकीने चंद्रोदयाची वेळसुद्धा मिनिटासकट लिहिली होती. सगळे गच्चीवर गेलो. हातात ताम्हन, फुलं, पाण्याचे तांबे, पोटात कावळे.

वेळ झाली. चंद्र नाही.

"ढग असतील," सहा नंबर म्हणाले. ढग नव्हते.

"त्या नव्या टॉवरमागे असेल. मेल्यांनी चंद्र पण अडवला," काकी म्हणाली, आणि सगळे गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथूनही नाही. मग पाण्याच्या टाकीवर चढून बाबांनी पाहिलं. वहिनींनी एका विमानाला नमस्कार केला. अर्धा तास गेला. तीन नंबरची मुलगी भुकेने रडायला लागली, तेव्हा मी फोन काढला.

मला वाटतं, मी तेव्हा हळू बोलू शकलो असतो. काकीला बाजूला नेऊन सांगू शकलो असतो. पण सगळ्यांना माहीत नसलेली गोष्ट मला एकट्याला माहीत असण्याची सवय मला नाही. मी ओरडलो, "अहो, आज अमावास्या आहे!"

मग बाबा टाकीवरूनच हसायला लागले. मग सगळेच. आईला हसून ठसका लागला. वहिनी गच्चीवर चक्क खाली बसल्या. काकीने कागदाच्या पाठीऐवजी पोट, म्हणजे छापील बाजू, बघितली होती, आणि ते कॅलेंडर आदल्या वर्षीचं होतं. खरी संकष्टी अकरा दिवसांपूर्वीच होऊन गेली होती.

"त्या दिवशी आपण काय खाल्लं होतं हो?" वहिनींनी विचारलं.

"सुके बोंबील," मीच सांगितलं. मला पाठ होतं.

पुन्हा हसणं. आठही घरांची पातेली पॅसेजमध्ये आली आणि सगळे एका ओळीत जेवायला बसलो. असं आमच्या मजल्यावर कधी झालं नव्हतं. इतका आनंद मी क्वचित पाहिलाय. काकीही हसत होती. पण तिने एकच मोदक घेतला आणि तो हातात धरून ठेवला.

रविवारी खिळा रिकामा होता.

"काकी, कागद?"

"आता डोकं चालत नाही रे बाबा. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही बघा."

पंधरा दिवसांनी ती मुलुंडला लेकीकडे राहायला गेली. लेक दोन वर्षं बोलावत होती, काकी जात नव्हती. आता गेली. गुडघ्यांसाठी, असं सगळे म्हणाले. मला माहीत होतं कशासाठी.

इकडे आमची वाट लागली. पहिल्या सोमवारी आठही घरांनी प्रत्येकी आठ घरांची मटकी भिजवली, म्हणजे चौसष्ट घरांची झाली. कुकरला लावली, शेजारच्या विंगला वाटली, तरी शुक्रवारपर्यंत तीच. मी वहीच्या कागदावर आठवडा आखून लावला. कुणी पाहिला नाही. मीही लसूण विसरलो.

काकीला फोन करायचो. माफी मागायची असं ठरवून तीनदा केला आणि तिन्ही वेळा गुडघ्यांबद्दल बोललो. ती सतराव्या मजल्यावर होती.

"जेवण काय आज?"

"लेक मागवते फोनवरून. माणूस येतो, दारात ठेवतो, जातो. चेहरापण दिसत नाही त्याचा."

"शेजारी कोण आहेत?"

"दारं आहेत," ती म्हणाली. "चार."

त्यानंतर ती फोन लवकर ठेवायला लागली. पुढे उचलेनाशी झाली. एका चांगल्या बाईचं मी सगळ्यांसमोर हसं केलं आणि तिला चार बंद दारांत नेऊन बसवलं, असं मला वाटत राहिलं. हे मी घरी कुणाला बोललो नाही.

गेल्या महिन्यात काकीची लेक, आमची ताई, काही कागदपत्रांसाठी आली. मी तिला पाणी दिलं आणि पेला परत घ्यायचं विसरून तसाच उभा राहिलो.

"काकी फोन उचलत नाही," मी म्हणालो.

"उचलेल कशी? घरात असते कुठे?" ताई वैतागली होती. "बाराव्या मजल्यावर एक गुजराती बा आहेत, ऐंशीच्या. लिफ्टमध्ये भेटल्या. आईच्या हातात कोथिंबीर होती. त्या म्हणाल्या, ही निवडायची पद्धत नाही. झालं! दोघींचं पाच मजले भांडण. दुसऱ्या दिवशी बा निरोप न देता सरळ घरात आल्या आणि आईला कामाला लावलं. बांचा आठवडा असतो म्हणे. अकरा घरं आहेत त्यात. आई ऐकते! माझं कधी ऐकलं नाही, त्यांचं ऐकते. परवा मेथीत काड्या राहिल्या म्हणून बोलणी खाऊन आली, आणि घरी येऊन हसत होती."

मग ताई थांबली. "आणि ती अमावास्येची गोष्ट! टॉवरमध्ये सगळ्यांना सांगून झालीय. विमानाला नमस्कार वगैरे करून दाखवते. शेवटी म्हणते, आमच्या मजल्यावर कॉलेजातला मुलगा होता म्हणून, नाहीतर पौर्णिमेपर्यंत उपाशी राहिलो असतो."

मी पेला घेऊन आत गेलो. आत काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकीने फोन उचलला. मागून भांड्यांचा आणि पाचसहा बायकांचा आवाज येत होता. मी एकदाचं म्हणालो, "काकी, त्या रात्री मी..."

"मोठ्याने बोल रे, ऐकू येत नाही!"

"मी म्हटलं, मंगळवारी भेटायला येऊ का?"

"मंगळवारी नको, मेल्या. मंगळवारी माझी मेथीची ड्यूटी असते. आणि बा फार कडक आहे."