सईचा रविवारचा कॉल

फोनची मेमरी फुल झाली की जुने फोटो उडवता येतात. किस्से कुठे उडवणार? सईच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलचे आमच्याकडे एवढे साठलेत की भिशीला गेले की बायका चहाच्या आधी तेच मागतात. त्या हसतात. मला मात्र सांगतानाही हसू येत नाही.

कारण सांगते. सई माझी मुलगी, आठ वर्षांची. बालवाडीपासून तिची एकच मैत्रीण, खालच्या मजल्यावरची मनवा. वडिलांच्या नोकरीमुळे मनवा जर्मनीला गेली आणि सई शाळेत एकटीच डबा खायला लागली. उरला तो रविवारचा कॉल. तोही तुटला तर?

* * *

पहिल्या कॉलला अख्खं घर फोनसमोर! सासूबाईंनीच सुरुवात केली, "मनवा, जेवलीस काय गं? तिकडं भाकरी मिळती काय?" मग ह्यांनी थंडीची चौकशी केली. मनवाच्या बाबांना नवीन घर फिरून दाखवायला लावलं. सईच्या वाट्याला स्क्रीनवर कपाळापुरती जागा आली.

फोन ठेवल्यावर सासूबाई खूश. "पोरींचं मस्त बोलणं झालं की!"

* * *

पुढच्या रविवारी मी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. आता सई इकडे, मनवा तिकडे, आणि दोघीही गप्प! मला धीर धरवेना. फोनच्या मागून मी हातवारे करतेय, ओठ हलवतेय, "शाळेचं विचार... शाळेचं!"

शेवटी मनवाच बोलली. "काकू, तुमचा हात दिसतोय."

* * *

मग मी कार्डं केली. मोठ्या अक्षरात एकेक वाक्य, आणि कुठे काय करायचं तेही खाली लिहिलेलं. फोनमागे उभं राहून दाखवत जायचं. झकास सिस्टीम!

सईने खणखणीत आवाजात वाचलं, "मला तुझी खूप आठवण येते. इथे थोडं थांब. आता हस."

आणि लिहिल्याप्रमाणे हसलीसुद्धा.

* * *

आजऱ्याला माझ्या भावाचा काजूचा कारखाना आहे. तो म्हणाला, "सवय न्हाय तिला. माझ्यावर प्रॅक्टिस करू दे की!" मशीनच्या आवाजात राहून राहून तो फोनवरही ओरडूनच बोलतो. अर्धा तास एकटाच बोलला. काजूचा दर, पाऊस, शेजाऱ्याची म्हैस. सई आपली "व्हय मामा", "न्हाय मामा".

शेवटी मला म्हणाला, "ताई, उगंच काळजी करतीस. काय बोलती पोरगी!"

* * *

आणि मग मनवाच्या आईचा, रूपालीचा मेसेज आला. 'मनवा म्हणते, या रविवारी कॉल नको. बघू पुढं.'

सईला काय सांगू? ती मनवाने दिलेला हेअरबँड शनिवारपासूनच लावून बसली होती. मी रूपालीला फोन केला, अक्षरशः गयावया केली. ती म्हणाली, "अगं, मी पण किती मागं लागते हिच्या! ही पण तोंड उघडत नाही."

"एकदाच लाव," म्हटलं. "नाही बोलल्या, तर बंद करू."

रविवारी कार्डं नाहीत, काही नाही. बिस्किटाच्या डब्याला फोन टेकवला. "मी भाजी घेऊन येते," असं सांगून दार ओढून घेतलं आणि दाराआड कान लावून उभी राहिले. आत शब्द नाही. बराच वेळ नाही. गेलं, संपलं, असं वाटलं. आत जाऊन फोन बंद करावा म्हणून कडीला हात घातला, तेवढ्यात सईचा दबका आवाज आला.

"तुझी आई गेली काय?"

"न्हाय. दाराआड हाय. तुझी?"

"माझी बी."

मग मनवा म्हणाली, "थांब मग. दमल्या की जातील. मग बोलूया."