जवसाच्या चटणीची डबी

मंडळी, आज हृदयाच्या डॉक्टरांसमोर माझी मान खाली गेली आणि अभिमानानं छातीही फुगली.

माझ्या तपासणीला पंच्याऐंशी वर्षांची आई गावाकडून, लाखनीहून, सोबत आली होती. डॉक्टर म्हणाले, "तळलेलं कमी करा, रोज चाला, जवस खा. शरीरातली सूज कमी राहायला मदत होते."

ऐंशीच्या दशकात मला नोकरी लागली, तेव्हा धान कापल्यावर आमच्याच बांधीत, म्हणजे भातखाचरात, पिकणाऱ्या जवसाची चटणी मला गावठी वाटायची. मी ऐटीत वनस्पती तुपाचा डबा आणला. आईनं त्याला हातही लावला नाही.

आज तिनं पिशवीतून डबी काढली. "घे बाबू. चाळीस वर्षांपासून तुले हेच तं देऊन राहिली मी."

हृदयाच्या गोळ्या मला चालू आहेत. तिला एकही नाही.

लाजेपायी तुम्ही ताटातून काय काढून टाकलंत?