न आलेल्यांचा रकाना

हल्ली कुठल्याही परिषदेत माझी ओळख करून देताना एक वाक्य हमखास येतं. ‘स्वतःचाच निष्कर्ष चुकला होता हे जाहीरपणे सांगण्याचं धाडस यांनी केलं.’ मग टाळ्या वाजतात. शाल येते, म्हैसुरी पेटा येतो, तो माझ्या अंबाड्यावर नीट बसत नाही म्हणून कुणीतरी मागून धरून ठेवतं. माझा स्वभाव तापट आहे, विद्यार्थी माझ्यामागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण त्या वेळी मी गरीब गाईसारखी उभी असते. ज्या बाईमुळे हे कौतुक वाट्याला आलं, तिला मी काय दिलं हे त्या सभागृहात कुणालाच माहीत नसतं. आज ते लिहून टाकायचं ठरवलंय.

आमचं घर राजाजीनगरचं. कित्येक पिढ्या बेंगळुरात काढलेली मराठी माणसं आम्ही. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड, आणि आईच्या तोंडी दोन्हींची मिसळ. मी हाडांची शस्त्रक्रिया शिकायची म्हटल्यावर आई म्हणाली, ‘अगं, ते गड्यांचं काम. स्वल्प विचार कर.’ विभागातल्या वरिष्ठांचं मतही वेगळं नव्हतं, फक्त ते हसत हसत सांगायचे. हातोडी बाईच्या हाती शोभत नाही म्हणे. मी हट्टाला पेटले. शस्त्रक्रियेत मला कुणी सहज पुढे येऊ देणार नव्हतं, म्हणून मी संशोधनाचा रस्ता धरला. छापून आलेल्या कागदाला कुणी बाई-पुरुष विचारत नाही, असा माझा हिशेब होता.

गुडघ्याच्या लगेच खाली, सांध्याला लागून नडगीचं जे हाड असतं ते मोडलं की तेव्हा दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्या बसवायचे. चीर मोठी, सूज मोठी, जखम चिघळायची भीती. मी एकाच बाजूने, लहान चिरेतून एकच पट्टी बसवायची पद्धत बसवली. सहा आठवड्यांनी रोगी पायावर उभा. बघणाऱ्याला जादूच वाटावी. मलाही वाटली, खोटं कशाला बोलू.

पण पद्धत चांगली हे सिद्ध करायचं तर रोगी दोन वर्षांनी परत तपासावे लागतात. त्यासाठी विभागाचा एक जुना रिवाज होता. मंगळवारी सकाळी आमचा संशोधन साहाय्यक वही घेऊन फोनपाशी बसायचा. प्रत्येकाला तीन मंगळवारी तीन फोन. तिन्ही वेळा उचलला नाही की नाव शेवटच्या रकान्यात जायचं: ‘संपर्क तुटला’. त्या रकान्यातली माणसं हिशेबातून वजा. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे. उलट आम्ही एकमेकांना सांगायचो, दुखत असतं तर आला असता की! बरं वाटल्यावर डॉक्टरची आठवण कोण काढतो?

जे आले ते मजेत चालत आले. शाळेतले शिक्षक, दुकानदार, बँकेतले कारकून, आणि एचएसआर लेआउटमधली, दुचाकीवरून पडलेली ती संगणकवाली मुलं. ती तर वेळेच्या आधी दहा मिनिटं हजर, जुने एक्सरे मोबाइलात. व्हरांड्यात मी त्यांना चालायला लावायची. मी माणसांचे चेहरे विसरते, चाल विसरत नाही. सगळ्यांच्या चाली सरळ होत्या. शोधनिबंध छापून आला, मी प्राध्यापक झाले, माझी पद्धत इतर शहरांत शिकवली जाऊ लागली. मी फार खूश होते.

मग एका दुपारी बोम्मसंद्र्याला, शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, जावं लागलं. तिथल्या एका कारखान्यात माझ्या पट्टीचा नवा नमुना तयार होत होता, तो पाहायला. काम आटोपून गाडीत बसले, तर शेजारच्या औषधांच्या कारखान्याची पाळी सुटली आणि गाडी माणसांच्या लोंढ्यात अडकली. चरफडत बाहेर बघत होते. तेवढ्यात गर्दीत एक चाल दिसली. डावा गुडघा आत कललेला, प्रत्येक पावलाला कंबर एका अंगाला झुकतेय. नडगीचा वरचा भाग एका बाजूला खचला की असंच होतं, आणि एकाच बाजूला आधार असला की तो दुसऱ्या बाजूला खचतो. मी दार उघडून उतरले.

चेहरा मला ओळखता आला नाही. तिने मात्र मला लांबूनच ओळखलं.

‘अक्का! तुमी हिकडं कशाला आलासा?’

तेव्हा आठवलं. निपाणीकडची बाई. कारखान्याच्या बसमधून उतरताना पडली होती. वॉर्डात मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून दिसले की हात धरून ठेवायची. मी विचारलं, पाय कसा आहे?

‘बरा हाय की. स्वल्प दुकतोय एवढंच.’ आणि सलवारीच्या पायावर तिने असा हात ठेवला, जणू ते माझ्यापासून झाकायचं होतं.

‘मग दाखवायला का नाही आलीस? फोन केले होते तुला.’

ती म्हणाली, कामावर जाताना फोन गेटवर जमा करून घेतात, तो सुटताना मिळतो. सुट्टी रविवारी. एका रविवारी ती आली होती, पण ओपीडी बंद. आणि मग खाली बघत म्हणाली, ‘खरं सांगू का अक्का? नंतर लाज वाटाय लागली. तुमी एवढा चांगला पाय करून दिलासा, आनि म्या नासवला. कुटल्या तोंडानं येऊ?’

तिने काय नासवलं होतं? सहा आठवड्यांनी उभी राहा असं मीच सांगितलं होतं. ती बरोबर सहा आठवड्यांनी उभी राहिली, पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यापाशी, आठ आठ तास. पाय खचत गेला. बसायला परवानगी नव्हती, म्हणून पक्की नोकरी गेली आणि आता त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे झाडलोट. तिच्या घरच्यांनी ठरवून टाकलं होतं की हिनेच घाई केली. सात वर्षं ती ते ऐकत होती, आणि तिलाही ते पटलं होतं.

मी त्या भर गर्दीत तिला म्हणू शकले असते, अगं, चूक माझी. मी म्हटलं, ‘रविवारी ये. मी स्वतः थांबते.’

दुसऱ्या दिवशी जुनी वही काढली. शेवटच्या रकान्यातल्या नावांपुढचे पत्ते एकेक करून वाचत गेले. बोम्मसंद्रा, परत बोम्मसंद्रा, शिवणकामाचे कारखाने, सुट्या भागांचे कारखाने. दिवसभर उभं राहणारी, मंगळवारी सकाळी फोन उचलू न शकणारी सगळी माणसं एकाच रकान्यात गोळा झालेली. ज्यांच्या पायावर माझ्या पद्धतीची खरी परीक्षा होणार होती, नेमकी तीच आम्ही वजा केली होती, मन लावून, नियमाप्रमाणे. मी स्वतः बसून संध्याकाळी फोन लावले. काही लागले, बरेचसे बंद झाले होते. जे भेटले त्यांतले निम्मेअधिक लंगडत होते. एक म्हातारे गृहस्थ वारले होते; त्यांच्या मुलाने मला विचारलं, ‘आता कशाला फोन केला?’ तेव्हापासून सिग्नलला, भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीत कुणी कंबर झुकवून चालताना दिसलं की माझं बोलणं मध्येच तुटतं. वेगळ्याच दुखण्याची माणसं असतात बहुतेक. मी तरी त्यांच्या मागे चार पावलं जाते, खात्री करून घ्यायला.

त्याच आठवड्यात मी नियतकालिकाला पत्र लिहिलं. काही लपवलं नाही. पद्धत श्रमिक रुग्णांत अपुरी पडते, सहा आठवड्यांचा सल्ला चुकीचा होता, जबाबदारी माझी. स्वच्छ इंग्रजीत, दोन पानं. लिहिताना रडू आलं, पण हात अडखळला नाही. ते पाठवून मला हलकं वाटलं. पुढे जे कौतुक झालं ते याच पत्राचं.

रविवारी ती आली. ठेवणीतली साडी नेसून, डब्यात चिरमुऱ्याचे लाडू घेऊन. मी एक्सरे काढून घेतला. जे चालीवरून कळलं होतं तेच. पुन्हा शस्त्रक्रिया करून देते, पैसे लागणार नाहीत, असं सांगितलं, तर म्हणाली, तीन महिने घरी बसले तर ठेकेदार दुसरी बाई घेईल. बघू म्हणाली. मग मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि एकदाचं सांगितलं. तू सगळं बरोबर केलंस. मी सांगितलं तेच केलंस. माझं सांगणं चुकलं.

ती रागावेल असं वाटलं होतं. मला तर ते हवंच होतं, तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने एक्सरे उजेडाकडे धरून पाहिला. डोळे पुसले. मग म्हणाली, ‘अक्का, एवढं लिवून द्या की.’

‘काय?’

‘माजी चूक न्हाई म्हनून. कन्नडात लिवा, आमच्या घरच्या मालकास्नी वाचाय येतंय. सात वर्सं म्हनत्यात, हिनं सोताच्या हातानं पाय घालवला. माज्या तोंडचं खरं मानायचं न्हाईत. तुमचं मानतील.’

मी लेटरहेड पुढे ओढलं. नाव लिहिलं, वय लिहिलं. आणि माझा हात थांबला. विभागातल्या एका सहकाऱ्याचे शब्द कानात होते: पत्र लिहा हवं तर, पण रोग्याच्या हातात कागद देऊ नका, उद्या वकील उभा राहील. समोर बसलेली बाई वकील कुठून आणणार होती? मला ते कळत होतं. तरी भ्याले. अख्ख्या जगापुढे इंग्रजीत कबूल करायला मी भ्याले नव्हते, आणि तिच्या नवऱ्यापुढे कन्नडात एक ओळ लिहायला भ्याले. याची मला आजही लाज वाटते.

मी कन्नडात लिहिलं: ‘रुग्णाचा गुडघ्याजवळचा हाडाचा भाग खचला आहे. याची कारणे अनेक असू शकतात. उभे राहण्याचे काम, शरीराचे वजन, हाडाची प्रत.’ सही केली, शिक्का मारला. सगळी कारणं तिच्याकडची.

तिने बोट ठेवून एकेक शब्द वाचला. खालपर्यंत गेली, परत वर आली.

‘अक्का, माजी चूक न्हाई हे कुटल्या ओळीत हाय?’

‘डॉक्टरी भाषेत असंच लिहितात,’ मी म्हटलं.

‘मंग बरोबर असंल,’ ती म्हणाली, आणि त्या कागदाची नीट घडी घालून नवऱ्याला दाखवायला घेऊन गेली.