तुपाचे हात

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी जिने आणि कठडे तयार करणारा आमचा कारखाना आहे. मी तो उभा केला. आता मुलगा चालवतो. गेल्या दसऱ्यानंतर तेथे जे घडले, त्याचा राग अद्याप उतरलेला नाही.

दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. एका शाळेच्या जिन्याचा कठडा त्या वेळी रंगासाठी तयार होता. मुलाने त्यालाही हळदकुंकू वाहिले. साजूक तुपातला शिरा वाटला गेला आणि प्रत्येकाने त्याच हातांनी कठड्याला स्पर्श करून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी रंग दिला गेला.

काही दिवसांनी मी सहज कारखान्यात गेलो, तर मुलगा रंगाऱ्यावर ओरडत होता. रंगारी माझ्या काळापासूनचा.

"उद्यापासून यायचं नाही, काका. डोळे गेलेत तुमचे. हा रंग आहे की देवीचे व्रण?"

मी कठडा पाहिला. रंगाला बारीक खळगे पडले होते आणि तळाशी पोलाद उघडे दिसत होते. नखाने टोकरताच पापुद्रा सुटला. खालच्या गजांवर मात्र रंग एकसंध बसला होता. खोट फक्त वरच्या दांडीला, जेथे हात लागले होते तेथे.

"पुसला होतास?" मी रंगाऱ्याला विचारले.

"थिनर घेतला होता हातात. छोटे शेठ म्हणाले, पूजेचं पुसायचं नाही, तसाच मारा."

"आणि तू मारलास!"



"बाबा, देवाचं कुंकू काय थिनरनं पुसायचं?" मुलगा म्हणाला.

"रंगाला देव कळत नाही, तूप कळतं. याच शेडमध्ये शिकलास ना तू?"

"जाऊ द्या ना. वरून अजून एक हात मारू. परवा गाडी येतेय."

"आणि पोरांच्या तळहातात पापुद्रे घुसले की? खालून गंज धरला की?"

पूजेला माझी हरकत नाही. ती मीच सुरू केली. मुलाने स्वतःचा हुकूम पाळणाऱ्याचीच भाकरी काढून घेणे मला असह्य झाले.

"गाडी थांबव. आणि याला उद्या यायचंय, हे तू सांग. मी सांगणार नाही."

रंगारी आपला डबा पिशवीत भरत होता. मुलाने शाळेला फोन लावून उशीर होईल असे कळवले. मग रंगाऱ्याकडे न पाहता म्हणाला, "काका, उद्या लवकर या. सगळं खरवडायचंय."

माफी मात्र त्याने मागितली नाही. त्या दिवसापासून मी कारखान्यातला चहा घेतलेला नाही.