भेगेवरची काच

बरकतपुऱ्यातले आमचे अनंतकाका देगलूरकर म्हणजे संशयाचं माहेरघर. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी लग्नाच्या हॉलमध्ये पानावर बसण्याआधी छताकडे बघणारच. एका जुन्या कॅथेड्रलच्या घंटेच्या मनोऱ्यात पर्यटकांसाठी लिफ्ट बसवायचं ठरलं, तेव्हा देखरेखीला त्यांनाच बोलावलं. आता चर्चवाल्यांना पिडतील, असं मी म्हणाले.

मनोऱ्याच्या कमानीला एक भेग होती. काकांनी तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली. भेग सरकली की काच तडकते. प्रत्येक पट्टीवर ते तारीख घालायचे. पण चर्चच्या समितीच्या डोळ्यांत ते आकडे खुपले, पाहुण्यांच्या फोटोत येतात म्हणे. काकांनी मुकाट्याने तारखा घालणं सोडलं. जन्मभर सरकारी नोकरी; वरून हुकूम आला की मान डोलवायची. त्यांच्या या सवयीचा मला आजही संताप येतो.

लिफ्टसाठी ड्रिल सुरू झालं आणि लागोपाठ दोन पट्ट्या तडकल्या. काकांनी काम थांबवलं, भेगेत चुना भरला, नवी पट्टी लावली, मग काम पुन्हा सुरू झालं. पुढचे तीन महिने काच शाबूत. ते रोज सकाळी जाऊन बघायचे, तरी त्यांना चैन पडेना. ‘‘इतकी गप्प बसणारी भेग मी पाहिली नाही गं,’’ असं मला म्हणायचे. शेवटी मनोरा सुरक्षित असल्याच्या कागदावर त्यांनी सही केली.

उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो. माझी मुलगी मृण्मयी पहिल्याच तुकडीत वर गेली. मी काकांबरोबर कमानीखाली थांबले. काच लख्ख होती. झाडलोट करणारी भामा तिथेच फडकं मारत होती. काका तिला कौतुकाने म्हणाले, ‘‘अच्छा साफ रखे भामा तुम.’’

भामा लाजली. ‘‘टूटी काच अच्छी नईं दिखती ना सार, मेहमानां आते. तुम्हारे डब्बे में से नवी लेके मैंच लगा देती.’’

काकांनी विचारलं, ‘‘कित्ते बार लगाये?’’

तिने बोटं मोजली. ‘‘पैले म्हैने में दो बार. अब तो हर हफ्ते.’’

लिफ्ट दुसरी तुकडी घेऊन निघाली होती. काका जिवाच्या आकांताने ओरडले. तेवढ्यात उद्घाटनाची घंटा वाजू लागली, आणि त्यांचा आवाज शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू आला नाही. त्यांच्या खांद्यावर पडणारा चुना तेवढा दिसला. मृण्मयी वर होती.