अजिनाथची दहा बोटं

भाचा लष्कराच्या गिर्यारोहण पथकात निवडला गेला एवढं ऐकलं आणि सहादेवमामानं चौकात फ्लेक्स लावून टाकला. 'हिमशिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' अजिनाथ तेव्हा डोंगराच्या पायथ्यालासुद्धा पोचला नव्हता. आमच्या गावाची रीतच ती. पोरगी बघायला पाहुणे आले, की आम्ही लगेच मांडवाला जागा बघतो.

फ्लेक्सचा फोटो मामानं त्याच्या मोबाईलवर धाडला. बाप गेल्यापासून अजिनाथ मामाच्याच दारात वाढलेला. मामाला तोंडघशी पाडायची त्याची छाती नव्हती.

वर बर्फात रोज संध्याकाळी एक काम सक्तीचं असायचं. जोडीदारानं जोडीदाराचे मोजे काढायचे, त्याला डोळे मिटायला लावायचे, एकेक बोट दाबायचं आणि विचारायचं, कोणतं बोट? ओळखता आलं नाही तर पाय गोठायला लागलाय असं समजून त्या माणसाला खाली पाठवायचं. शिखर जवळ आलं तेव्हा अजिनाथला बोटांतलं काहीच कळत नव्हतं. पण त्याचा जोडीदार, साताऱ्याकडचा एक भला जवान, रोज अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ओळीनं जायचा. अजिनाथनं डोळे मिटून ओळीनं उत्तरं दिली, पाढे म्हणावेत तशी. जोडीदारानं निर्धास्तपणे मोजे चढवले.

शिखर त्यानं गाठलं हे खरं. खाली आला तो दुसऱ्यांच्या पाठीवर. दवाखान्यात पायांची दहाही बोटं काढली. पळण्यात ज्याचा हात अख्ख्या तालुक्यात कुणी धरत नव्हतं, तो आता पलटणीच्या भांडारात बसून कांबळी वाटतो.

घरी त्यानं यातलं काही कळवलंच नाही. सुट्टीवर आला तो बुटात, जपून पावलं टाकत. पोरगं थकलं असेल, असं त्याची आई आक्काबाई समजली. मामानं लगेच मारुतीच्या देवळात सत्कार ठेवला. अजिनाथ उंबऱ्याशीच थांबला, हार इथंच घाला म्हणाला. मंडळी ताटकळली. मामाचा पारा चढला. देवापुढं कसली ऐट, असं म्हणत तो स्वतःच खाली बसला आणि त्यानं बूट ओढला. मोजाही निघाला, आणि पुढं कोंबलेला कापूस फरशीवर पडला. पाय बोटांच्या अलीकडंच संपला होता.

आक्काबाईनं तोंडात पदर कोंबला. दोघाचौघांनी मोबाईल काढून फोटो घेतले. मामा उठला, इकडंतिकडं बघत दबक्या आवाजात म्हणाला, "आरं, आदी सांगायचं न्हाई व्हय? हार दुसऱ्या कुनाला घातला आसता."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. अजिनाथ मात्र "चुकलं, मामा," म्हणाला आणि वाकून कापूस गोळा करू लागला.