राबाचा रेडा

ऐंशीच्या दशकात बोईसरला आमचा पाचजणांचा एक कंपू होता. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. एकजण कारखान्यात ड्राफ्ट्समन, एकजण दुकानांच्या पाट्या रंगवणारा युपीचा पेंटर, आणि जवळच्या दांडी गावचे दोघे भाऊ, जे हाताला लागेल त्यातून काहीतरी घडवायचे. रविवारी आम्ही गाडीनं उमरोळी स्टेशनला उतरायचो आणि तासभर चालत एका पाड्यावर जायचो. जमीन, जनावर आणि माणूस यांचं नातं शोधायचं, असं आमचं भारी ब्रीद होतं. खरं सांगायचं तर आम्ही तिथं भाकरी खायचो, कडाकडा भांडायचो आणि एका रेड्याची चित्रं काढायचो.

रेडा पाड्यावरच्या एका जोडप्याचा. उताराचा एक तुकडा, पावसावर पिकणारा, एवढीच त्यांची शेती. मालकिणीला मी वहिनी म्हणायचे, ती मला बाई. रेडा तिच्याशिवाय कुणाचं ऐकायचा नाही. "त्याच्याशीच लगीन लावायचं व्हतंस," नवरा म्हणायचा. "तो सांगितलेलं ऐकतो तरी," ती म्हणायची.

एका वर्षी मेच्या अखेरीस आम्ही ठरवलं, या रेड्याची अवाढव्य मूर्ती त्यांच्याच शेतात करायची. मुंबईहून एक जाणकार गृहस्थ रविवारी आमचं काम बघायला येणार होते. मला सुट्टी होतीच, बाकीच्यांनी रजा टाकल्या. नवरा-बायको चार दिवस भाचीच्या लग्नाला निघाली होती. "शेत मोकळंच हाय, काय करायचं ते करा," वहिनी म्हणाली आणि गेली.

बांधाला टहाळ्यांच्या मोळ्या, पालापाचोळा, वाळलं शेण आणि गवत यांचे ढीग लागले होते. दांडीचा थोरला म्हणाला, "विचारल्याशिवाय घ्यायचं?" मी उसळले. "मी सोलापूरकडच्या शेतकऱ्याची पोर आहे! मला काय केरकचरा कळत नाही? उचला!"

उचलला. तीन दिवस राबून दोन पुरुष उंच रेडा बसवला. आत टहाळ्या, पाला आणि शेण, वर गवत, त्यावर ओल्या चिखलाचा गिलावा. काय देखणा झाला होता म्हणून सांगू! आम्ही त्याच्याभोवती हात धरून नाचलो.

गुरुवारी वहिनी परत आली. लांबूनच ओरडली, "अगो बाय! माजा रेडा केवढा झाला!" हसत हसत तिनं त्याला फेरी मारली. मग तिची नजर रिकाम्या बांधाकडं गेली आणि हसू तिथंच थांबलं.

"बाई, माजा राब कुठं हाय?"

"राब म्हणजे?" मी विचारलं.

तिनं सांगितलं. तो पाला, त्या टहाळ्या, ते शेण तिनं माघापासून डोंगरातून डोक्यावर वाहून आणलं होतं. पावसाआधी ते रोपाच्या जागेवर पसरून जाळायचं आणि त्या राखेत भात पेरायचा. "राब नाय तर रोप नाय. रोप नाय तर वरीसभर आमी खायाचं काय?" नवरा बांधावर बसून आभाळ बघायला लागला. पाऊस आठवड्यावर आला होता, आणि त्यांचा राब ओल्या चिखलात लडबडून बसला होता.

"बहनजी, आपने तो कहा था कचरा है!" पेंटर म्हणाला.

मला राग पटकन येतो, आणि चूक माझी असली की दुप्पट येतो. त्या बिचाऱ्यावर खेकसले. पण खेकसून काय होणार होतं? आमच्याकडं ज्वारी सरळ पेरतात. रोपं करून ती दुसरीकडं लावायची, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, मी तर दुसऱ्याचा रेडा रिकामा ठेवायला निघाले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ड्राफ्ट्समन हळूच म्हणाला, "रविवारपर्यंत राहू दे ना. पाहुणे बघून गेले की लगेच मोडू."

"त्या पाहुण्याला घाल चुलीत!" म्हणत मी शिडीवर चढले आणि शिंगाची पहिली टहाळी ओढून काढली. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. खालून वहिनीनं हात वर केला आणि टहाळी धरली.

दोन दिवस सगळा रेडा उन्हात वाळत पडला. शनिवारी वहिनी आम्हाला शिकवायला लागली: खाली शेण, मग टहाळ्या, मग पाला, गवत, आणि वरून बारीक माती, म्हणजे आग धसमुसळेपणा करत नाही. पण चिखलानं बराच पाला वाया गेला होता, सगळ्या जागेला पुरेना. मी तोंड पाडून उभी. वहिनीनं कोयत्याच्या टोकानं जमिनीवर लांबलचक रेघ ओढली. पाठ, पोट, चार पाय, शिंगं. "तुमचा रेडा मोडला ना? निजवा की त्याला हितं. जेवढा पुरंल तेवढा." नवरा पहिल्यांदा हसला.

रविवारी पाहुणे आले. आदल्या संध्याकाळी जाळलेल्या रेड्याची काळी राख पाहिली, कोरा चहा घेतला आणि गेले.

पाऊस लागला तरी मला पाड्यावर जायचं धाडस होईना. रोप आलं नसेल तर कुठल्या तोंडानं उभी राहू? तीन रविवार मी ताप, पाहुणे, धुणं अशा सबबी सांगितल्या. चौथ्या रविवारी बाकीच्यांनी ओढूनच नेलं.

बांधावर चढले आणि पाय तिथंच थांबले. भोवती चिखल, आणि मधोमध हिरवागार, दाट, वितीपेक्षा उंच रेडा पहुडला होता. वाऱ्यानं त्याची पाठ हलत होती.

"पुरेल का हो?" मी नवऱ्याला विचारलं.

"पुरंल. उरंल पण."

वहिनी गुडघाभर चिखलात उभी होती. हातात रोपांची पहिली मूठ. माझ्याकडं बघून ओरडली, "बाई, रडताय काय उभ्यानं? साडी खोचा आन् शिंगाकडून उपटाय घ्या!"